उमेदवार आणि तगादा

नोकरीसाठी मुलाखत देऊन आलेल्या तरुणास घरी पहिला प्रश्न विचारतात तो 'काय विचारले?' हा; आणि दुसरा, 'मग काय म्हणाले?' हा. पहिल्याचे उत्तर लांबलचक असते. दुसऱ्याचे बहुधा एका शब्दात आटोपते : 'कळवू.' ह्या शब्दानंतरचे दिवस कसे काढावे, पुन्हा विचारणा करावी की न करावी, केलीच तर कितीदा व कोणत्या तोंडाने, याविषयी घरात जितकी माणसे तितकी मते निघतात. वडील म्हणतात, एकदा समक्ष भेटून ये. आई म्हणते, कोणाची ओळख निघते का पाहा. मुलास मात्र वाटत असते की पुन्हा विचारणे ही लाचारी आहे, आणि न विचारणे हा मूर्खपणा. ह्या दोहोंच्या मध्ये तो टपालाची किंवा आजच्या काळी हातातील यंत्राची वाट पाहात बसतो. हा प्रसंग अगदी अलीकडचा वाटला, तरी त्याचा वंशवृक्ष मोठा जुना आहे. आणि त्याच्या बऱ्याच फांद्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात व त्याच्या आसपास, पसरलेल्या आहेत. त्यांपैकी काही आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ शब्दांपासून करू. नोकर, चाकर, अर्ज, शिफारस, वशिला, उमेदवार, मुलाखत : पोटासाठी दुसऱ्याच्या दारी जाण्याचा आपला जवळजवळ सगळा शब्दसंग्रह फारशीच्या वाटेने आलेला आहे. मलिक अहमदाने १४९० मध्ये निजामशाही स्थापिली व आपल्या नावाचे शहर वसविले. १६३६ मध्ये ती बुडेपर्यंतच्या दीडशे वर्षांत दख्खनच्या मराठी माणसाने जी दरबारी चाकरी केली, तिच्याबरोबर हे शब्द त्याच्या घरात शिरले आणि मग निघालेच नाहीत. यांतील 'मुलाखत' हा शब्द एके काळी फार तोलामोलाचा होता. पेशवाईच्या कागदांत मुलाखत होते ती दोन सरदारांची किंवा सरदार व धनी यांची. तीत विडे, अत्तर, वस्त्रे यांची देवघेव होई, आणि कोण किती पावले सामोरा आला याची नोंद राही. आज तोच शब्द, टेबलाच्या एका अंगास तिघेचौघे व दुसऱ्या अंगास एकटा बसलेला असतो त्या प्रसंगास आपण लावतो. वस्त्रे आता पाहुण्याने स्वतःच विकत घ्यावयाची असतात.

'उमेदवार' ह्या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात उमेदवार हा अपेक्षेने वाट पाहात राहिलेला मनुष्य म्हणूनच येतो. पुढे 'उमेदवारी करणे' ह्याचा अर्थ, जागा मिळेल ह्या आशेवर कचेरीत, दुकानात किंवा वकिलाकडे बिनपगारी राबणे, असा रूढ झाला. म्हणजे परीक्षा, गुण, पात्रता हे ह्या शब्दाच्या पोटात मुळीच नाही. आहे ती केवळ वाट पाहण्याची क्रिया. आणि वाट पाहणाऱ्याने पुन्हा पुन्हा जाऊन विचारावे, तर त्यास मराठीत काय म्हणतात? खेटे घालणे, खेपा मारणे, जोडे झिजविणे, उंबरठे झिजविणे. हेच विचारणे सावकाराने केले की त्यास 'तगादा' म्हणतात, आणि तगाद्यात झिजतो तो समोरचा. जुन्या काळी धनको ऋणकोच्या दाराशी धरणे धरून उपाशी बसे. पगार थकलेले शिपाईही आपल्या सरदाराच्या दारी बसत, व तो त्यांचा हक्क समजला जाई. उमेदवारास मात्र धरण्याची सोय नव्हती. त्याचे धन्याकडे काही येणेच नव्हते! खेटा आणि तगादा यांतील ही दरी भाषेने स्वतः खणून ठेविली आहे, आणि ती कशी हळूहळू बुजत गेली हाच आमच्या मते ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

जुन्या खेड्यात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पाटील, कुळकर्णी, महार, सुतार, लोहार यांची कामे वतनाने चालत. कुळकर्ण्याच्या मुलाची मुलाखत कोणी घेत नव्हते. वतन नसलेल्यांस, किंवा वतनाचे भाऊ फार झाल्यामुळे वाट्यास काही न उरलेल्यांस, धन्याच्या दारी जावे लागे. परंतु वतनदारासही ह्यातून सुटका नव्हती, याचे एक थोर उदाहरण ह्याच जिल्ह्याशी निगडित आहे. श्रीगोंदे हे शिंद्यांचे ठाणे, आणि पारनेर तालुक्यातील जामगाव येथे महादजी शिंद्यांचा म्हणून दाखविला जाणारा वाडा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शिंद्यांच्या घरात कोणी उरले नाही म्हटले तरी चालेल. जयाप्पा व दत्ताजी त्यापूर्वीच पडले होते. जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. राणोजींचे पुत्र महादजी हे पायास जबर जखम घेऊन, राणेखान भिस्त्याच्या मदतीने, दक्षिणेत परत आले आणि जन्माचे लंगडे झाले.

सरदारीची जागा रिकामी होती, सर्वांत कर्तबगार माणूस समोर उभा होता, आणि तरीही धन्याकडून होकार येईना. महादजींची आई राणोजींची लग्नाची बायको नव्हे, हा आक्षेप पुढे करण्यात आला. राघोबादादांचा कल दुसरीकडे होता. सरदारी आधी पुतण्या केदारजीच्या व मग मानाजीच्या नावे झाली. महादजींना ती मिळाली ती जानेवारी १७६८ मध्ये, थोरल्या माधवरावांच्या हातून. पानिपतापासून मोजले तर ही सात वर्षे होतात. ह्या सात वर्षांत त्यांनी काय केले? रुसून घरी बसले नाहीत. शत्रूस जाऊन मिळाले नाहीत. स्वाऱ्यांत चाकरी करीत राहिले आणि आपला दावा सोडला नाही. धन्याच्या दृष्टीआड न होणे हाच त्या काळचा स्मरणपत्राचा प्रकार होता. हेच महादजी पुढे १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची पदवी मिळवितात आणि १७९२ मध्ये ती वस्त्रे घेऊन पुण्यास येतात, हे लक्षात घेतले म्हणजे दरबाराने ती सात वर्षे कशाच्या बदल्यात घालविली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या दिरंगाईत महादजींच्या पात्रतेचा संशय कोणासच नव्हता. घरातील भांडण, नजराण्याची आशा आणि चुलत्या-पुतण्यातील रस्सीखेच यांत त्यांचा अर्ज अडकून पडला होता. आजही उमेदवारास उत्तर येत नाही ते पुष्कळदा अशाच कारणांनी, आणि तो बिचारा आपण कोणते उत्तर चुकलो याचा विचार करीत रात्री जागून काढतो.

१८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि नगरास हेन्री पॉटिंजर हा कलेक्टर म्हणून आला. हाच पॉटिंजर पुढे १८४२ मध्ये चीनशी तह करून हाँगकाँग घेणारा. धनी बदलला तशी दारी जाण्याची तऱ्हाही बदलली. फौजा मोडल्या, कारखाने बंद झाले, दफ्तरे गुंडाळली गेली. शिपाईगडी आणि कारकून एकदमच रिकामे झाले. राहिली ती कलेक्टराची व मामलेदाराची कचेरी. तिच्या कडेला बसणारे उमेदवार हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे नेहमीचे दृश्य होते. सकाळी यावे, मोडी कागदांच्या नकला कराव्या, हिशेब जुळवावे, साहेबाच्या स्वारीबरोबर दप्तर वाहावे, आणि एखाद्या कारकुनाची बदली होईल किंवा तो निवर्तेल याची देवाकडे नव्हे तर शिरस्तेदाराकडे प्रार्थना करावी. पगार नाही. विचारले तर 'पाहू', 'उद्या या'. काही वर्षे गेली म्हणजे दहा-बारा रुपयांची जागा मिळे किंवा मिळत नसे.

ह्या पद्धतीत कारकून तयार होत असत, कामाची नस कळत असे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिची चाळणी कोणती होती ते पाहा. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न होते त्यासच वर्षानुवर्षे फुकट बसणे परवडे. आणि ज्यास कचेरीच्या ओटीवर पाऊल ठेवू देत त्यासच ती बसण्याची सोय होती. समक्ष जाऊन पुन्हा पुन्हा तोंड दाखविणे हाच जेथे पाठपुराव्याचा मार्ग, तेथे ज्याचे तोंड पाहणे विटाळ मानले जाई त्याने काय करावे?

त्याने कागद हाती घेतला. नगर रस्त्यावर भीमेकाठच्या कोरेगावी १ जानेवारी १८१८ रोजी इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांत महार शिपाई पुष्कळ होते, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या मुंबई इलाख्याच्या पलटणींत ह्या समाजास जागा मिळत राहिली. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारने त्यांची भरती बंद केली. काही जातीच तेवढ्या लढवय्या, असे शास्त्र त्या वेळी लष्करात बोकाळले होते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास ह्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ च्या सुमारास सासवडास एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरविली आणि सरकारकडे अर्ज धाडला. नकार आला, तेव्हा १९१० मध्ये थेट विलायतेस भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पलटणीत व पोलिसांत आम्हांस पुन्हा घ्या, एवढीच मागणी. १९१७ मध्ये महायुद्धाने माणसांची वाण पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा अर्ज, पुन्हा शिष्टाई. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली.

एका नोकरीसाठी पाठपुरावा किती काळ करावा, असे कोणी विचारील तर आमच्या इतिहासात ह्याहून लांब उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या होकारापर्यंत जवळजवळ अर्धशतक गेले, मसुदा करणारा हयात राहिला नाही, अर्ज मात्र चालू राहिला. त्याची भाषाही पाहण्यासारखी होती. आम्हांवर दया करा, एवढ्यावर तो थांबत नव्हता. आमच्या वाडवडिलांनी केलेली चाकरी आपल्या दप्तरी नोंदलेली आहे, ती पाहा, असे तो म्हणत होता. खेट्याचा तगादा होण्यास येथून प्रारंभ झाला असे आम्हांस वाटते, कारण सरकारकडे आपले काही येणे आहे, ही जाणीव त्या कागदांत आहे.

परीक्षांची हकिकत सर्वांस ठाऊक असल्याने ती येथे लांबवीत नाही. सनदी नोकरीची चढाओढीची परीक्षा १८५५ पासून विलायतेत होऊ लागली, ती हिंदुस्थानातही देता येण्यास १९२२ साल उजाडले. खाली आपल्याकडे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा शाळामास्तर किंवा तलाठी होण्याची आशा धरू लागला. कुळकर्णी वतने १९५१ मध्ये गेली आणि तलाठ्याची जागा सर्वांस खुली झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. कोठे एका कचेरीच्या ओटीवरील चारपाच उमेदवार आणि कोठे हा सागर! परीक्षेने शिरस्तेदाराची मर्जी मोडली, हा तिचा मोठा उपकार. परंतु तिने उमेदवारास एक नवेच मुकेपण दिले. पूर्वी 'उद्या या' म्हणणारा कोणी एक मनुष्य तरी समोर असे. आता विचारावयाचे कोणास? त्यातून सरकारी जाहिरातीत शिफारस किंवा वशिला आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल, असे बजाविलेले असते. ते योग्यच आहे. पण त्या धाकाने साधी विचारणा करण्यासही माणसे भिऊ लागली, आणि निकाल लांबला, यादी अडली, नेमणुकीची पत्रे वर्ष वर्ष निघाली नाहीत, तरी नुसते वर्तमानपत्राकडे पाहात राहण्याची पाळी आली.

येथे गाडी पुन्हा पारनेर तालुक्यात येते. ज्या तालुक्यात महादजींचा वाडा त्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी १९९७ मध्ये मुंबईस आझाद मैदानावर माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन मांडिले. राजस्थानात मजूर-किसान संघटनेने ह्याच मागणीसाठी १९९६ मध्ये ब्यावर येथे ठाण मांडले होते. तेव्हा ही कल्पना एकट्या महाराष्ट्राची असे म्हणण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा कायदा २००२ मध्ये झाला, परंतु राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तो अडला होता. ऑगस्ट २००३ मध्ये हजारे यांनी उपोषण केले व त्या महिन्यात ती संमती आली. पुढे सबंध देशासाठीचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. ह्या कायद्याचा विचार करताना लोक रस्ते, धान्य, ठेकेदार यांचाच करितात. नोकरीच्या उमेदवारास त्याने काय दिले ते मात्र फारसे कोणी बोलत नाही. दहा रुपयांच्या शुल्कावर तो सरकारी कार्यालयास विचारू शकतो की माझ्या अर्जाचे काय झाले, जागा किती भरल्या, यादी कोणत्या निकषावर लावली; आणि अधिकाऱ्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास अपील आहे व दंडही आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अशा मागण्यांस मर्यादाही घातल्या. मर्यादा असोत. 'उद्या या' ह्या उत्तराची मुदत तीस दिवसांवर आली, ही गोष्ट लहान नव्हे. धरणे धरण्याचा जो अधिकार जुन्या काळी धनकोस व शिपायास होता आणि उमेदवारास नव्हता, तो त्याच्या हाती अशा रीतीने प्रथमच कायद्याने आला. आणि तो येण्यासाठी दुसऱ्या कोणास तरी मैदानावर उपाशी बसावे लागले, हा योगायोगही ध्यानात घेण्यासारखा आहे.

खासगी कारखान्यास हा कायदा लागू नाही. नगरची औद्योगिक वसाहत, पुण्याच्या वाटेवरील सुपे, पलीकडचे रांजणगाव येथे मुलाखती देऊन येणाऱ्या मुलांस तीस दिवसांचा आधार कोठला? तेथे अजून धन्याची मर्जीच चालते, आणि म्हणून जुन्या दरबारी शहाणपणाचा तेथे अजून उपयोग आहे. अमेरिकेत मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी आभाराचे दोन ओळींचे पत्र धाडण्याचा परिपाठ आहे. आपल्याकडे त्यास खुशामत समजण्याची चाल पडली. आम्हांस ती चाल बरोबर वाटत नाही. आपल्या जुन्या पत्रांचा मायना पाहा : ज्याच्याकडे काम, त्याचा मान आधी, मग मजकूर, मग 'उत्तराची आज्ञा व्हावी' अशी स्पष्ट मागणी. वडील मंडळींनी मुलांस वशिला शोधण्याऐवजी एवढेच शिकवावे की मुलाखत संपताना, उठण्यापूर्वी, 'निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षावा?' असे सरळ विचारावे. ती तारीख त्यांच्या तोंडून आली म्हणजे ती त्यांची झाली. ती टळल्यावर दोन-चार दिवसांनी लिहिलेले पत्र हा खेटा राहात नाही. त्यात त्यांच्याच शब्दाची आठवण असते. त्यासही उत्तर आले नाही तर आणखी एकदा लिहावे आणि दुसरा दरवाजा ठोठवावा. त्यापुढे तोच तो उंबरठा झिजविण्यात महादजींच्या धीराचे अनुकरण होते असे समजू नये, कारण महादजी त्या सात वर्षांत तलवार चालवीत होते.

ह्या जिल्ह्यात ह्या सगळ्याच्या उलट वाहणारा एक व्यवहार आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर साखर कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरानगरचा सहकारी कारखानाही त्यांतच निघाला. त्यांचा ऊस तोडावयास पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या कोरडवाहू तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून माणसे जातात. त्यांनी कोठे अर्ज करावयाचा नसतो. गळिताचा हंगाम येण्याआधी मुकादम स्वतः त्यांच्या दारी येतो, खेपा तोच घालतो, जोडे त्याचेच झिजतात. आणि कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, ठरलेली उचल रोख मोजून देतो. 'कळवू' हा शब्द त्या बोलण्यात कोठेच येत नाही. तगादा येतो तो पुढे, हंगाम सरल्यावर उचल फिटली नाही म्हणजे, आणि तो मुकादमाचा असतो.